आरे-वारेच्या चढावर जळका वास

आज गणपतीपुळ्याहून आरे-वारे मार्गे रत्नागिरीला येत होतो आणि चढ संपल्यावर गाडीत जळका वास यायला लागला. बायको म्हणाली कुणीतरी पालापाचोळा जाळतंय, पण काचा वर केल्या तरी वास तसाच. सासरे मागून म्हणाले, क्लच गेला. आता चढावर अर्धा क्लच दाबून गाडी धरली की असा वास येतो हे खरंय, पण तो थोड्या वेळात जातो, हा तर सपाटीला पण वाढतच होता, आणि न्यूट्रलला टाकली की गाडी कुणीतरी मागून धरल्यागत मंदावायची. बाजूला घेतली. बॉनेट उघडलं, ऑइल गळत नाही, वायर वितळलेली नाही. मग चाकांजवळ हात नेला (लावला नाही हं!), पुढचं डावं नुसती भट्टी, उजवं कोमट. सासरे बाटली घेऊन पाणी ओतायला निघाले, त्यांना कसंबसं अडवलं, तापलेल्या डिस्कवर (चाकासोबत फिरणारी ब्रेकची चकती) गार पाणी पडलं तर ती वाकते नाहीतर तडकते.

गार झाल्यावर हळूहळू मेस्त्रीकडे नेली. चाक काढलं तर कॅलिपरची (ब्रेक पॅड डिस्कवर दाबतो तो भाग) पिन गंजून जाम, तिच्यावरचं रबर फाटलेलं, पॅड डिस्कला चिकटूनच, म्हणजे ब्रेक सुटतच नव्हता. "दर्याकडंला गाडी हुबी ऱ्हाते ना, खारी हवा सोडत नाय" इति मेस्त्री. पिन साफ करून ग्रीस लावलं, रबर नवीन, पॅड मात्र दोन्ही बाजूंचे बदलले, नाहीतर ब्रेक मारल्यावर गाडी एकीकडे ओढते. ब्रेक ऑइल पण बदलून घेतलं.

सासरे अजून म्हणतायत, क्लच एकदा बघून घ्या जावईबापू 😄