पोलो दोन बोटं खाली: मागच्या स्प्रिंगा घरी, पुढच्या अर्ध्या गॅरेजात

गाडी फोक्सवॅगनची २०१६ ची पोलो, चाकणमध्येच बनलेली, ७१ हजार किलोमीटर चाललेली. चाक आणि मडगार्डच्या कमानीमधली ती पोकळी मला घेतल्या दिवसापासून खुपते. मूठ घातली तरी जागा उरते. टायर बदलून झाले, अलॉय झाले, पोकळी तशीच. शेवटी श्रावणात आयबाख कंपनीच्या, गाडी ३० मिलिमीटर खाली आणणाऱ्या स्प्रिंगा मागवल्या आणि पुढचे तीन आठवडे एकाच प्रश्नावर घालवले: घरी बसवू की गॅरेजला देऊ?

गॅरेजचा भाव मिळाला पाच हजार, अलाइनमेंटचे नऊशे वेगळे. "साडेतीन तासांत गाडी हातात देतो सर." मी विचारलं, बोल्ट नवीन टाकणार ना? या गाडीच्या सस्पेन्शनचे काही बोल्ट आवळताना ताणले जातात, एकदाच वापरायचे असतात. "त्याची काही गरज नसते सर, आम्ही रोज करतो." त्या "रोज करतो"वर माझा निर्णय झाला.

आधीचा आठवडा

मोजमाप आधी घेतलं. जमिनीपासून मोजू नका. टायरमधली हवा कमीजास्त असली की आकडा हलतो. चाकाच्या मध्यापासून कमानीच्या कडेपर्यंत मोजा. पुढे डावीकडे ३७२ मिमी, उजवीकडे ३७०. मागे ३७८ आणि ३७६. पेट्रोल अर्धी टाकी, गाडीत कोणी नाही. हा कागद डॅशबोर्डच्या खणात ठेवला आहे.

कायद्याचं एका वाक्यात: मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या फेरफारांबद्दल आहे. ते वाचून, विमा कंपनीशी बोलूनच सुरुवात करा. नंतर अपघात झाल्यावर हा विषय निघण्यापेक्षा आत्ता निघालेला बरा.

बाबा टेल्कोतून निवृत्त झालेत. त्यांना सांगितलं तर चष्म्यावरून बघत म्हणाले, "स्प्रिंग कापणार नाहीस ना?" पूर्वी नाक्यावर गॅसकटरने एक वेढा उडवून द्यायचे, तेच त्यांच्या डोक्यात. कापलेल्या स्प्रिंगचं टोक बैठकीत नीट बसत नाही आणि कटरच्या आचेने तिथल्या पोलादाचा ताव जातो. तयार मिळणारी लहान स्प्रिंग मूळ स्प्रिंगपेक्षा कडक असते, कारण तिला कमी अंतरात तेवढाच धक्का गिळायचा असतो. हे ऐकल्यावर त्यांचा चेहरा जरा सैलावला. "मग मी येतो खाली," म्हणाले. माझ्या मनात नेमकं हेच होतं.

शनिवार: मागची बाजू

सकाळी साडेसातला सोसायटीच्या पार्किंगमध्ये. वॉचमनकाकांनी बाजूच्या दोन गाड्या आधीच हलवून ठेवल्या होत्या.

मागचं काम इतकं सोपं निघालं की लिहायला फारसं काही नाही. पोलोला मागे आडवा बीम असतो. स्प्रिंग वेगळी, शॉकअप वेगळा. पुढच्या चाकांना विटा, गाडी पहिल्या गिअरमध्ये (मागची चाकं हवेत असताना हँडब्रेकचा काही उपयोग नाही, तो मागच्याच चाकांना लागतो), मागून उचलून घोड्यांवर (गाडीखाली ठेवायचे लोखंडी स्टँड) ठेवली. बीमखाली जॅकचा आधार, दोन्ही शॉकअपचे खालचे बोल्ट काढले, जॅक हळूहळू खाली. ब्रेकच्या नळ्या ताणल्या जात नाहीत ना, तेवढं बघत राहायचं. स्प्रिंग हातात येते. स्प्रिंग दाबून धरणारा कॉम्प्रेसर लागत नाही. वरचं रबर जुन्या स्प्रिंगवरून काढून नव्या स्प्रिंगवर चढवलं आणि दोन्ही बाजू चाळीस मिनिटांत उरकल्या.

एकच गोष्ट इथे मुद्दाम लिहितो. शॉकअपच्या खालच्या टोकाला रबरी बुश असतो. बीम लोंबकळत असताना बोल्ट कडक आवळला तर बुश त्याच स्थितीत धरला जातो आणि गाडी जमिनीवर आली की कायमचा पिळलेला राहतो. म्हणून जॅकने बीम उचलत गाडी घोड्यांवरून जेमतेम सुटेपर्यंत नेली आणि मग टॉर्क पाना (ठरावीक जोराने आवळणारा) लावला. एका मित्राच्या गाडीत गॅरेजवाल्याने लिफ्टवरच सगळं बोल्ट आवळायच्या गनने आवळून दिलं होतं. वर्षभरात बुश फाटले आणि तो मात्र स्प्रिंगांना नावं ठेवत राहिला.

साडेनऊला चहा. बाबा म्हणाले, "पाच हजार घेतात ते यासाठी?" नाही बाबा. ते पुढच्यासाठी घेतात.

शनिवार दुपार: पुढची बाजू

पुढे स्ट्रट. म्हणजे शॉकअपभोवतीच स्प्रिंग, दाबून बसवलेली, आणि वर एक नट. तो नट काढायचा तर आधी स्प्रिंग दाबून धरावी लागते.

स्ट्रट गाडीतून बाहेर काढायलाच तीन तास गेले. एबीएसची वायर आणि ब्रेकची नळी क्लिपांतून सोडवली, स्ट्रटला जोडलेला लहान दांडा, म्हणजे लिंक रॉड, सोडवला. स्ट्रटचं खालचं टोक चाकाच्या हाडात (आमच्या गॅरेजच्या भाषेत नकल) एका चिमट्यात घट्ट धरलेलं असतं. बोल्ट काढला तरी चिमटा सुटत नाही. त्याच्या फटीत घालून पाव फेरी फिरवायचा एक चपटा बिट मिळतो, साडेचारशे रुपयांचा. तो मी घेतला होता म्हणून वाचलो. पेचकस ठोकून फट रुंदावणारे लोक असतात, मीही कदाचित त्यांच्यातलाच झालो असतो. गंजरोधक तेल आदल्या रात्रीच मारून ठेवा. आमच्याकडे चार पावसाळे त्या फटीत मुरलेले होते. वरची पकड सोडताना खाली दुसरा माणूस हवा, नाहीतर अख्खा स्ट्रट पायावर येतो. बाबा खाली बसून धरायचे आणि मी वरून "सोडतोय हां" असं ओरडायचो.

आता कॉम्प्रेसर. चौदाशे रुपयांत जोडी मिळते: लांब आटेदार दांडा, दोन्ही टोकांना आकडे. दोन समोरासमोर लावायचे आणि आळीपाळीने थोडे थोडे आवळायचे. डावी स्प्रिंग अर्धी दबली असेल, तेवढ्यात एक आकडा वेढ्यावरून बोटभर सरकला. आवाज झाला नाही, नुसता सरकला. स्प्रिंग केळ्यासारखी एका बाजूला वाकली.

बाबांनी माझा हात धरला. "पाना खाली ठेव."

रात्री हिशेब केला. स्प्रिंगची ताठरता मिलिमीटरला २५ न्यूटन धरा. १२० मिलिमीटर दाबली तर जोर ३००० न्यूटन, म्हणजे तीनशे किलोचं ओझं. तिच्यात साठलेली ऊर्जा १८० ज्यूल. एक किलोचा हातोडा सहाव्या मजल्यावरून खाली टाकला तर जमिनीवर येताना त्याच्यात तेवढीच ऊर्जा असते. आणि मी त्याच्यावर ओणवा होऊन बसलो होतो.

दोन्ही कॉम्प्रेसर हळूहळू सैल केले, स्ट्रट जसाच्या तसा जुन्या चादरीत गुंडाळला. दुसराही तसाच. गाडी घोड्यांवर, चाकं तिच्या पोटाखाली सरकवलेली. संध्याकाळी सेक्रेटरी येऊन बघून गेले. "उद्यापर्यंत होईल ना?" होईल म्हटलं.

रविवार: रिक्षातून स्ट्रट

ज्या गॅरेजात भिंतीला बसवलेला मोठा प्रेस असतो, तिथे सुटे स्ट्रट नेले तर स्प्रिंग बदलून देतात. हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. दोन स्ट्रट, दोन नव्या स्प्रिंगा, रिक्षा. एका स्ट्रटचे पाचशे. मी उभा राहून बघितलं. कारागिराने गन उचलली तेव्हा विनंती केली, "दादा, हाताने कराल का?" गनने वरचा नट काढताना शॉकअपचा दांडाही गरगर फिरतो आणि सील खराब होतं, ॲलन कीने दांडा धरून पान्याने नट फिरवायचा. त्याने कुरकुर केली, पण केलं. नव्या स्प्रिंगा लहान असल्यामुळे चढवताना जेमतेम दाबाव्या लागल्या. डावीकडच्या वरच्या बेअरिंगमध्ये वाळू भरल्यासारखी खरखर होती, ते बदललं. गाडी पूर्ण त्यांच्याकडे दिली असती तर ती खरखर मला कळली असती का, सांगता येत नाही.

बंप स्टॉप (शॉकअप पूर्ण दबला की आदळू नये म्हणून असलेलं रबर) किटमधल्या कागदावर दिलं होतं तेवढा कापला. हे विसरलात तर गाडी खाली बसते ती थेट रबरावर, आणि मग लोक म्हणतात "स्प्रिंगा फार कडक आहेत".

घरी येऊन चादर उघडली आणि उजव्या स्ट्रटकडे बघत बसलो. स्प्रिंगचं खालचं टोक बैठकीतल्या खाचेला टेकायला हवं. इथे दोन बोटांचं अंतर. पुन्हा रिक्षा. कारागिराने काही न बोलता फिरवून बसवून दिली, पैसे घेतले नाहीत. तसंच बसवलं असतं तर स्टिअरिंग वळवताना टंग् टंग् झालं असतं आणि मी महिनाभर लिंक रॉड बदलत बसलो असतो.

परत बसवणं दुपारी दोन तासांत झालं. नवे बोल्ट, आधी ठरलेला टॉर्क, त्यावर पाव फेरी. चाकांचे बोल्ट १२० न्यूटन मीटर. गाडी जमिनीवर उतरली तेव्हा वॉचमनकाका म्हणाले, "पंक्चर आहे का?"

खर्च

घोड्यांची जोडी २,२००, कॉम्प्रेसर १,४०० (विकायला काढलेत, पण घेणाऱ्याला गोष्ट सांगूनच देणार), टॉर्क पाना ३,१००, बिट ४५०, बोल्ट-नट १,९००, प्रेसचे १,०००, अलाइनमेंट ९००. एकूण १०,९५०, शिवाय बेअरिंग आणि रिक्षा. गॅरेजचे झाले असते ५,९००. पैसे वाचवायला म्हणून कोणी हे काम घरी करत असेल तर पहिल्या गाडीला तरी वाचत नाहीत. परत करायची वेळ आली तर मागचं घरी, पुढचे स्ट्रट घरी काढून प्रेसवर, हेच करीन. कॉम्प्रेसर मात्र हातात धरणार नाही.

खंडेनवमी

हत्यारांची पूजा. बाबांनी त्यांचा जुना व्हर्निअर मांडला, शेजारी माझा टॉर्क पाना, हळदकुंकू लावून. कॉम्प्रेसर मांडू दिले नाहीत.

पाचशे किलोमीटरनंतर

अलाइनमेंट सोमवारीच केलं होतं, कारण स्टिअरिंग सरळ रस्त्यावर तिरकं राहत होतं. गाडी खाली आली की टो (वरून बघितलं तर चाकांची तोंडं किती आत-बाहेर आहेत ते) बदलतोच. कँबर, म्हणजे समोरून दिसणारा चाकाचा कल, किंचित आत झुकला आहे. पोलोत तो बदलायला जवळपास वाव नाही, तेव्हा तसाच ठेवला. स्प्रिंगा बसल्यावर परत मोजलं: पुढे ३२८ आणि ३२७, मागे ३३८ आणि ३३७. डब्यावर ३० मिमी, प्रत्यक्षात पुढे ४३-४४, मागे ३९-४०. आपल्याकडची पोलो युरोपातल्यापेक्षा उंच ठेवलेली होती आणि या स्प्रिंगा तिकडच्या उंचीच्या हिशेबाने बनलेल्या. मागवताना हा फरक धरा. ४० मिमीवाल्या घेतल्या असत्या तर मी आज घरातच असतो. हेडलाइटही परत जुळवून घेतले.

खंबाटकी घाटात गाडी आता वळणावर झुकत नाही, बसते. शहरात मात्र हिशेब वेगळा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या शिफारशीत गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा असं आहे. आमच्या गल्लीतल्या गतिरोधकाची रुंदी मी टेपने मोजली: एक मीटर दहा. चौघं बसली की तिरकी घ्यावी लागते, तरी एकदा खालून खरवडलीच.

जुन्या स्प्रिंगा माळ्यावर आहेत, प्रत्येकीला चिठ्ठी: पुढची डावी, पुढची उजवी. आईने दोनदा विचारलं, भंगारवाल्याला कधी देणार. तिला गाडीतून उतरताना आता गुडघ्यावर हात टेकावा लागतो, म्हणून मी अजून उत्तर दिलेलं नाही.