वाटीभर खीर

न्यू जर्सीतल्या एका नर्सिंग कॉलेजात माझं काम कागदांचं. पोरापोरींनी हॉस्पिटलात पेशंटला हात लावायच्या आधी त्यांचे सगळे कागद पुरे आहेत की नाहीत, ते बघायचं. पूर्वी मी वॉर्डातच होते, गुडघे बोलायला लागले तेव्हा या खुर्चीत आले. विद्यार्थी माझ्या मागून मला काय म्हणतात ते न विचारलेलं बरं.

यादी लांबलचक असते. गोवर, गालगुंड, रुबेला, कांजिण्यांच्या अँटिबॉडी, हिपॅटायटिस बीच्या अँटिबॉडीचा आकडा किमान 10, फ्लूची लस, टीबीची तपासणी, सीपीआरचं कार्ड. मग बोटांचे ठसे आणि गुन्ह्यांची चौकशी. केंद्राच्या आरोग्य खात्याची एक काळी यादी असते, मेडिकेअर म्हणजे म्हाताऱ्यांच्या सरकारी आरोग्य विम्याचे पैसे लाटणारे वगैरे लोक तिच्यात. तिथे नाव नाही ना, तेही बघायचं. आणि लघवीची ड्रग टेस्ट. मी भारतात जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला, गेले तेव्हा सिव्हिल सर्जनच्या सहीचं एक फिटनेस सर्टिफिकेट पुरलं होतं. इथे सगळं एका खाजगी पोर्टलवर चढवायचं, तेही विद्यार्थ्यानेच पैसे भरून. काम झालं की चौकट हिरवी, नाहीतर लाल. एक जरी लाल राहिली तरी हॉस्पिटल दारात उभं करत नाही, करारच तसा असतो. क्लिनिकल, म्हणजे हॉस्पिटलातलं प्रात्यक्षिक, बुडलं की विषय बुडतो, आणि आमच्याकडे तो विषय वर्षातून एकदाच शिकवतात.

डिसेंबर 2022 मध्ये जानेवारीच्या बॅचची यादी चाळत होते. एका मुलीच्या ड्रग टेस्टपुढे 'रिव्ह्यू चालू' असं दिसलं. साताऱ्याकडची मुलगी, लग्न होऊन इकडे आलेली, पदरात चार महिन्यांचं बाळ. पहिल्या सहामाहीत वर्गात वरच्या नंबरात.

रिव्ह्यू चालू म्हणजे प्रयोगशाळेला काहीतरी सापडलंय. आता मेडिकल रिव्ह्यू ऑफिसर, म्हणजे याच कामातला डॉक्टर, तिला फोन करून विचारणार की कुठलं औषध चालू आहे का, चिठ्ठी आहे का. त्याने शिक्का मारेपर्यंत काय सापडलं ते कॉलेजला कळत नाही, आणि कळूही नये. मी तिला फोन लावला.

"डॉक्टरांचा फोन आला होता का गं?"

"अनोळखी नंबर मी उचलतच नाही मॅडम. रोज कुणीतरी सोशल सिक्युरिटी ऑफिसमधून बोलतोय म्हणून फोन करतं."

तासाभरात ती आली, बाळ आणि सासूबाईंसकट. रडून डोळे सुजलेले. मी आधीच बजावलं, "औषधाचं मला काही सांगायचं नाही. जे असेल ते डॉक्टरांना." ती म्हणाली, "पण काही घेतलंच नाही, तर सांगू काय?" सासूबाई काठापदराच्या साडीवर जाड जॅकेट चढवून बसलेल्या. त्यांना एवढंच कळलं होतं की सुनेवर नशेचा आळ आलाय. "अहो, ही साधं पानसुद्धा खात नाही," असं त्यांनी मला दोनदा ऐकवलं, आणि तेवढ्यात पिशवीतून स्टीलचा डबा काढून माझ्यापुढे सरकवला. माणूस ऑफिसात का असेना, रिकाम्या हाताने जायचं नाही.

डिंकाचे लाडू. वरचा लाडू फुटला होता आणि त्यातून भाजलेली खसखस टेबलावर सांडली.

"खसखस बरीच घातलीत हो."

"मग! बाळंतिणीला कमरेला चांगली. ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानातून मोठं पाकीटच आणलंय."

सून माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, "मला नाही, डॉक्टरांना सांग." शेजारची रिकामी खोली उघडून दिली आणि दार ओढून घेतलं.

आत काय झालं ते तिनेच नंतर सांगितलं. लाडवांचं ऐकून डॉक्टर म्हणाला, चिमूटभर खसखशीने एवढा आकडा जरा जास्त वाटतो. आणखी कशात खाल्लीस? तेव्हा तिला खीर आठवली. रोज सकाळी वाटीभर. खसखस रात्री भिजत घालायची, पाट्यावर नाही तर मिक्सरवर गंधासारखी वाटायची, दुधात आटवायची, वर गूळ. टेस्टच्या दिवशीही ती तीच पिऊन निघाली होती. अमेरिकन डॉक्टरला खसखस म्हटलं की बेगल, म्हणजे कड्यासारखा गोल पाव माहीत, दाणे वरून भुरभुरवलेला. मूठभर दाणे वाटून प्यायचे असतात हे त्याला नवीनच. त्याने तिच्याकडून पूर्ण कृती लिहून घेतली म्हणे.

खसखस अफूच्या बोंडातली. दाण्यात मॉर्फीन फारसं नसतं, बोंडाचा चीक दाण्याला बाहेरून चिकटून येतो, तोच नडतो. म्हणूनच अमेरिकन सरकारने 1998 मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांच्या टेस्टमधली मॉर्फीनची मर्यादा मिलीलिटरमागे 300 नॅनोग्रॅमवरून 2000 वर नेली. आमच्या कॉलेजच्या टेस्टमध्ये मात्र अजून 300 च होती. का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. प्रयोगशाळेशी करार झाला तेव्हा फॉर्मवर जे छापलेलं होतं त्यावर सही झाली असणार.

ट्रक आणि विमान चालवणाऱ्यांसाठी याचे नीट नियम आहेत. हेरॉइनची खूण, म्हणजे 6-एएम, सापडली नाही आणि मॉर्फीन 15,000 च्या खाली असलं, तर गैरवापराचा दुसरा पुरावा मिळाल्याशिवाय डॉक्टरने पॉझिटिव्ह म्हणायचं नाही. 15,000 च्या वर गेलं की मात्र खाण्याची सबब चालत नाही. नर्सिंगच्या पोरांना हे नियम थेट लागू नाहीत, पण आमच्या डॉक्टरने तोच धागा धरला. 6-एएमची तपासणी झाली, काही निघालं नाही. चौकट हिरवी.

यावरून कुणाला वाटेल की मी या टेस्टच्या विरोधात आहे. मुळीच नाही. वॉर्डात असताना ऑपरेशन झालेल्या पेशंटचं मॉर्फीन स्वतः टोचून घेऊन त्याला सलाइन देणारी नर्स मी पाहिली आहे. तो पेशंट रात्रभर कळवळत होता आणि आम्ही त्यालाच नाजूक म्हणत होतो. टेस्ट हवीच, कडकच हवी. गांजाचंही तेच. न्यू जर्सीत 2021 पासून तो कायदेशीर आहे, केंद्राच्या कायद्यात नाही, आणि हॉस्पिटलं केंद्राच्या पैशावर चालतात. हे दर सहामाहीला कुणालातरी नव्याने समजावावं लागतं आणि तो माझ्याशी भांडतो. भांडू दे.

पण 300 चा आकडा हा कडकपणा नव्हता, आळस होता. मी तो विषय डायरेक्टरपुढे नेला तर पहिलं उत्तर आलं, "हॉस्पिटल आक्षेप घेईल." मी हॉस्पिटलचा करार काढून दाखवला. त्यात दहा प्रकारच्या ड्रग्जची टेस्ट एवढंच लिहिलेलं, मर्यादेचा शब्द नाही. फेब्रुवारी 2023 मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्यानेच सैनिकांना खसखस टाळा असा इशारा दिला, तेव्हा कुठे गाडी हलली. आता आमची मर्यादा 2000 आहे, आणि टेस्टच्या सूचनांच्या कागदावर बेगलच्या खाली खीर आणि लाडूही आलेत.

त्या मुलीचं मात्र एवढ्यावर भागलं नाही. ड्रगची चौकट हिरवी झाली त्याच दुपारी टीबीची लाल झाली. लहानपणी बीसीजी, म्हणजे टीबीची लस, टोचलेल्या आपल्याकडच्या बऱ्याच जणींचा हात स्किन टेस्टला फुगतो. बीसीजीने न फसणारी रक्ताची तपासणी असते, क्वांटिफेरॉन, ती करायला पाठवलं. पुन्हा पैसे, पुन्हा वाट बघणं. सासूबाईंनी डबा पिशवीत टाकता टाकता विचारलं, "आता टीबीला काय खाल्लं म्हणून सांगायचं?"