कन्हानपलीकडचं वीरचक्र

कामठीत लष्कराच्या ‘ब्रिगेड ऑफ द गार्ड्स’चं रेजिमेंटल सेंटर. १९७१च्या युद्धात गंगासागरच्या लढाईत परमवीरचक्र मिळवणारे लान्स नायक अल्बर्ट एक्का याच गार्ड्सच्या १४व्या बटालियनचे. छावणी मागं टाकून कन्हानचा पूल ओलांडला, मनसरहून रामटेककडे वळलो. दोन्ही अंगांना कापलेल्या धानाच्या बांध्या आणि पुंजणे. त्यातल्याच एका गावात पायदळातल्या शिपायाची पदकं पाहायची होती.

या भागात फौजेचं कुठलंही पदक ‘वीरचक्र’ म्हणून दाखवलं जातं. त्या घरच्या आजींनी टिनाच्या पेटीतून चार पदकं काढली. त्यांतली ‘पूर्वी स्टार’ आणि ‘संग्राम मेडल’ ही १९७१च्या युद्धातल्या सेवेची, शौर्याची नव्हेत. पण एक खरंच वीरचक्र होतं. चांदीचं, गोल, व्यास सुमारे ३५ मिलिमीटर. पुढं कडेला टेकणारा पाच टोकांचा तारा, मधे चक्र, त्यात सोनेरी मुलामा दिलेली राजमुद्रा. मागं हिंदी-इंग्रजीत पदकाचं नाव, दोन कमळांनी विभागलेलं. रिबन अर्धी गडद निळी, अर्धी केशरी, रुंदी ३२ मिलिमीटर. शौर्यचक्र कांस्याचं असतं आणि ते शत्रूसमोरच्या लढाईसाठी नसतं, त्यामुळे नुसत्या धातूवरूनही गफलत टळते. वीरचक्र २६ जानेवारी १९५० रोजी सुरू झालं, पण लागू धरलं १५ ऑगस्ट १९४७ पासून.

“दिवाळीले राखेनं घासतो जी,” आजी म्हणाल्या. घरोघरी हेच होतं, आणि पाहून जीव तुटतो. चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकामुळे. चुलीचा धूर आणि रबरबँड ती आणखी लवकर काळवंडवतात. तो काळा थर पदकाचं काही बिघडवत नाही, घासणं बिघडवतं. राख, चिंच, टूथपेस्ट यांनी आधी मुलामा जातो, मग ताऱ्याच्या कडा बोथट होतात. सेवापदकांच्या कडेवर सैनिक क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण कोरलेली असते. तीही झिजली, तर पदक कुणाचं हे सांगायला फक्त कागद उरतो.

म्हणून आधी कडेवरची अक्षरं उजेड तिरपा पाडून वाचली, वहीत उतरवली, दोन्ही बाजूंचे फोटो काढले. रिबन फाटकी होती, तरी काढली नाही. नवी शिवताना निळा-केशरी उलटा लागण्याची चूक फार होते; आधी फोटो असला की ताडून पाहता येतं. प्लॅस्टिकची पिशवी फेकायला सांगितली, तिच्यात पावसाळ्याचा दमटपणा कोंडतो. प्रत्येक पदक धुतलेल्या, नीळ न घातलेल्या सुती कापडात वेगळं गुंडाळलं, सोबत सिलिका जेलची पुडी ठेवली. मृगाआधी ती बदलायची.

प्रशस्तिपत्राची घडी मोडायला आली होती. सेलोटेप लावू दिला नाही. कागद सपाट करून दोन कोऱ्या कागदांत ठेवला. त्याची नक्कल आणि वहीतला क्रमांक घेऊन नातू आता जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाणार आहे.