तुम्ही विचारलंत म्हणून: रविवारी सकाळी हे काय लावून बसता?

"गाण्यातल्या बाई तुम्ही, आणि रविवारी सकाळी ते चर्चचं संगीत काय लावून बसता?" मंडळात विचारतात, शिकायला येणाऱ्या मुलींच्या आया विचारतात, पुण्याहून आलेल्या वन्संनी तर दारातच विचारलं. दर वेळी काहीतरी बोलून मी वेळ मारून नेली. आता एकदा नीट सांगते.

आधी हे, की ते सगळं चर्चचं नाही. इथे अमेरिकेत, आमच्या कनेटिकटमध्ये, फेअरफील्डच्या डब्ल्यूएसएचयू रेडिओ केंद्रावर सुझान बोना यांनी १९८७ मध्ये 'संडे बरोक' सुरू केलं; बरोक म्हणजे साधारण १६०० ते १७५० मधलं युरोपातलं संगीत. आता ते देशभर लागतं. त्यात जर्मन रचनाकार बाखचे कँटाटा, म्हणजे वाद्यांच्या साथीनं गायच्या रचना, असतात आणि त्यातले बरेचसे लाइप्त्सिशमध्ये रविवारच्या उपासनेसाठीच लिहिले गेले, हे कबूल. पण दरबारातले नाच असतात, ऑपेरातली गाणी असतात, व्हेनिसच्या पिएता अनाथालयातल्या मुलींसाठी विवाल्दीनं रचलेली वाद्यसंगीताची कॉन्चेर्तो असतात. दोन रविवार ऐकून मग नावं ठेवा.

पूर्वी माझं ठरलेलं उत्तर होतं: हे आपल्यासारखंच आहे. मंडळात एकदा त्यावर बोललेही होते. साथीसाठी रचनाकार फक्त खर्जाची ओळ लिहितो, तिच्यावर आकडे घालतो, बाकीचं हार्पसिकॉर्डवाला (पियानोच्या आधीचं पट्ट्यांचं वाद्य) किंवा थिऑर्बोवाला (लांब मानेचं तंतुवाद्य) तिथल्या तिथे भरतो. गाण्याचा पहिला भाग पुन्हा आला की गाणारी तो सजवून गाते. लोकांनी माना डोलावल्या. यात खोटं काही नव्हतं, पण मी ऐकते त्याचं कारण ते नव्हतं.

कारण माझा गळा आहे. व्होकल कॉर्डवरची गाठ काढली तेव्हा पहिले काही दिवस पूर्ण मौन होतं. कुजबुजायचंसुद्धा नाही. पुढे कित्येक महिने गाणं बंद. तेव्हा तुम्ही सगळे प्रेमानं म्हणालात, "निदान ऐका तरी." ऐकणं म्हणजे काय, ते गाणाऱ्याला विचारा. किशोरीताईंचा भूप लावला की पहिल्या आलापालाच माझा गळा आतून आवळायचा, त्यांच्या आधी जागा घ्यायला बघायचा. जे ऐकत मी वाढले, तेच मला ऐकता येईना. फोनवर काही लावायचं तर निवडावं लागतं, आणि निवडायला गेले की बोट पुन्हा तिथेच जायचं. रेडिओवर निवड दुसऱ्याची असते. माझ्या गळ्याला ठाऊक नसलेलं संगीत हवं होतं, ते रविवारी सकाळी तिथे मिळायचं.

त्याच मौनाच्या दिवसांत आम्ही लेकीकडे निघालो होतो. हे गाडी चालवत होते, रेडिओ चालू होता. इटालियन रचनाकार मोंतेव्हेर्दीचं 'लामेंतो देल्ला निंफा' (अप्सरेचा विलाप) लागलं. ते १६३८ सालचं आहे, हे मागाहून कार्यक्रमाच्या यादीत पाहून कळलं. खाली चार स्वर उतरत येतात: सा, कोमल नी, कोमल ध, प. पुन्हा तेच, पुन्हा तेच. वर एक बाई प्रियकर सोडून गेल्याचं दुःख गाते, तीन पुरुष बाजूला "बिचारी" म्हणत राहतात. मोंतेव्हेर्दीनं लिहून ठेवलंय की तिघांनी हाताच्या तालात गावं, तिनं मात्र मनाच्या लयीत. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला एवढंच कळलं की ती समेची पर्वा न करता गातेय आणि तरी सुटत नाहीये.

आणि गळा हलला. हे जुनं संगीत वाजवणाऱ्यांचा 'ला' (इंग्रजी A, या गाण्याचा सा) बऱ्याचदा ४१५ हर्ट्झवर असतो, आजच्या ४४० पेक्षा अर्धा स्वर खाली. म्हणजे आपली काळी चार. माझा षड्ज! जिथे गळ्याला ओळख लागणार नाही म्हणून गेले, तिथे तोच खाली वाजत होता. मी गळ्यावर हात दाबून धरला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ह्यांना वाटलं, मला त्रास होतोय. त्यांनी रेडिओ बंद केला.

मला "लाव" म्हणता येईना. एक शब्द. पाटीवर लिहिलं, त्यांच्यासमोर धरली, पण ते हायवेवर, नजर रस्त्यावर. त्यांना वाचता येईपर्यंत ते संपून बासरीचं काहीतरी सुरू झालं होतं. त्यांची यात काही चूक नाही. तरी त्या काही मिनिटांचा राग माझ्या मनातून पूर्ण गेलेला नाही.

नंतर ते कितीतरी वेळा ऐकलं, आणि माझं मंडळातलं उत्तर मलाच पुरेना. आपल्याकडे तानपुरा षड्ज सोडत नाही, गाणारा लांब जाऊन परत येतो. इथे ती एक स्वर धरून राहते आणि खालचा खर्जच सरकतो. स्वर तोच, पण आता तो टोचतो. हे आपल्यासारखं नाही. मग मला ते इतकं जवळचं का वाटतं? कधी वाटतं, हे प्रेम आहे. कधी वाटतं, अजून ती पळवाटच आहे, कारण आता मी शिकवते, थोडं गातेही, अर्धा स्वर खाली उतरून, पण भूप अजून शेवटपर्यंत ऐकवत नाही. वन्सं म्हणतात, "परकं ते परकंच." असेल. मला ठरवता आलेलं नाही, आणि तुम्ही ठरवून दिलंत तर मी मानेनच असंही नाही.

रविवारी सकाळी जरूर या. बोलू, चहा घेऊ. फक्त गप्पांसाठी म्हणून रेडिओ बंद करायला उठू नका.