क्रीट: बालोसचे ते आठ किलोमीटर आणि बाकीचे किनारे

आधी निकाल सांगतो, तपशील मागून. ग्रीसच्या क्रीट बेटाच्या पश्चिम भागात पाच दिवस असतील तर फालासार्ना, एलाफोनिसी (सकाळीच), पालेओहोरा आणि लुत्रो करा. बालोसच्या किनाऱ्याला बोटीने जा. भाड्याच्या छोट्या गाडीने बालोसला जाऊ नका. सेइतान लिमानिया सोडलं तरी चालेल. मुक्काम हानिया शहरात असेल तर वाईच्या खजूरबनाच्या किनाऱ्याचा नाद करू नका. नाव वाचून साताऱ्याची वाई आठवते, पण ही वाई बेटाच्या दुसऱ्या टोकाला आहे. क्रीटची लांबी २६० किलोमीटर, एका बाजूचाच प्रवास चार तासांच्या वर जातो, आणि खजुराची झाडं प्रेवेलीला त्याहून बरीच अलीकडे भेटतात.

कोकणात वाढलेला माणूस समुद्रावर निघण्याआधी भरती-ओहोटी बघतो. ती सवय इथे विसरा. क्रीटला भरती वीतभर येते. सकाळी जेवढी पुळण तेवढीच संध्याकाळी. बघायचा तो वारा. जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून मेल्तेमी सुटतो. आभाळ निरभ्र, ऊन लख्ख आणि समुद्र खवळलेला, त्यामुळे हॉटेलच्या खिडकीतून काहीच कळत नाही. एकदा लागला की दोन-तीन दिवस तरी हटत नाही. ग्रीक लोक त्याचा जोर बोफोर्टच्या (वाऱ्याच्या ० ते १२ मापाच्या) आकड्यांत सांगतात, कुणालाही 'बोफोर' विचारलं की आकडा मिळतो. ३-४ असेल तर कुठेही जा. ५ ला उत्तर किनाऱ्यावर पोहण्यात मजा नाही. ६ ला बालोसची वाळू उडून पोटऱ्यांना सुया टोचल्यासारखी लागते, आणि बोट रद्द होईल असंच धरून चालायचं. म्हणून बालोसचा दिवस आधी ठरवू नका. मुक्कामातला सगळ्यात कमी वाऱ्याचा दिवस त्याच्यासाठी राखून ठेवा आणि बाकीचे किनारे त्याच्या अवतीभवती बसवा.

वारा उत्तरेचा म्हणून दक्षिणेला पळावं, तर तिथेही गोम आहे. डोंगरातल्या घळींमधून वारा खाली कोसळतो आणि काही गावांत उत्तरेपेक्षा जास्त झोडपतो. प्लाक्यास त्यासाठी बदनाम आहे. पालेओहोरा मात्र चतुर गाव. समुद्रात घुसलेल्या जमिनीच्या जिभेवर वसलंय. पश्चिमेला वाळू, पूर्वेला गोटे. एका बाजूला वारा लागला की टॉवेल उचलायचा आणि गल्ल्या ओलांडून दुसऱ्या बाजूला जायचं. पाच-दहा मिनिटांचं काम.

आता बालोसचा तो रस्ता. किसामोसहून कालिव्यानी गावापर्यंत डांबर आहे. गाव मागे पडलं की डांबर संपतं आणि पुढे साधारण ८ किलोमीटर कच्चा रस्ता. ज्यांनी लोणावळ्याहून राजमाचीचा रस्ता बघितलाय त्यांना हा घाबरवणार नाही. फरक एवढाच, की तिथे गाडी आपली असते. रस्ता द्वीपकल्पाच्या पूर्व अंगाने उत्तरेकडे जातो, म्हणजे समुद्र उजव्या हाताला. ग्रीसमध्ये गाडी उजवीकडून चालवतात. म्हणजे जाताना कड्याची बाजू तुमची, आणि समोरून येणाऱ्याला डोंगराची. कठडा नाही. दोन गाड्या जेमतेम निघतात त्या जागी समोरून एखादी मोठी जीप धुरळा उडवत येते, आणि भाड्याच्या गाडीतला नवखा माणूस नको तितकं कडेला सरकतो. सरकू नका. रुंद जागा दिसली की आधीच थांबा, समोरच्याला जाऊ द्या. येताना डोंगराची बाजू आपली असते, तेव्हा बरं वाटतं.

खरा त्रास कड्याचा नाहीच, टायरचा आहे. हा प्रदेश चुनखडीचा. तिचे कपचे धारदार असतात आणि रस्त्यात उभे रुतलेले असतात. टायर वरून पंक्चर होत नाही, बाजूच्या भिंतीला चिरतो. तसा चिरलेला टायर पॅचने जुळत नाही, बदलावाच लागतो. आणि हल्लीच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत स्टेपनी नसते, फेस भरायची बाटली आणि छोटा पंप असतो. तो फेस खिळ्याच्या भोकासाठी. बाजूच्या चिरेतून तो तितक्याच वेगाने बाहेर येतो. म्हणून गाडी ताब्यात घेताना पहिली गोष्ट करा: डिकीतली चटई उचला आणि खाली चाक आहे का बघा.

दुसरी गोष्ट करारातली. काउंटरवर हसतमुखाने 'फुल कव्हर' सांगतात आणि ते पूर्ण खोटंही नसतं. पण बहुतेक करारांत टायर, रिम, काचा, आरसे आणि गाडीचं पोट वेगळं काढलेलं असतं, आणि कच्च्या रस्त्यावर काही झालं तर सगळाच विमा बाद, अशी ओळ बारीक अक्षरात असते. ती ओळ सही करण्याआधी बोट ठेवून विचारा. 'सगळे जातात बालोसला' हे उत्तर आलं, तर ते कागदावर लिहून मागा. असं लिहून सहसा कोणी देत नाही. कच्च्या रस्त्याची परवानगी लेखी देणारे लोक आहेत, ते उंच गाडी देतात आणि तिचे जास्त पैसे घेतात. चार जण असाल तर तेच परवडतं. ताबा घेताना चारही टायरांचे, रिमांचे आणि पुढच्या बंपरच्या खालच्या कडेचे फोटो काढून ठेवा. फोटो वाकून काढायचे. उभ्याने काढलेल्या फोटोत खालची कड येतच नाही आणि वाद नेमका तिच्यावरून होतो.

तरीही जायचंच असेल, तर कालिव्यानीतून सकाळी साडेसात-आठला निघा. वेग १५ ते २०, दुसरा गिअर, चढाला पहिला. पुढच्या गाडीपासून धुरळ्याबाहेर राहा. रस्त्यात आडव्या लाटांसारख्या उंचवट्यांचे पट्टे येतात, तिथे ब्रेक दाबला की चाकं सरकतात. वेग पट्टा लागायच्या आधी कमी करा. शेळ्या रस्त्यातच बसलेल्या असतात आणि हॉर्नला मान देत नाहीत. शेवटी मोकळी जागा आहे, तीच पार्किंग. ती भरली की गाड्या रस्त्याच्या कडेने लागतात आणि दुपारी निघताना रस्ता निम्माच उरतो. गाडीतून उतरलं की वीस-पंचवीस मिनिटं खाली चालायचं, शेवटी दगडी पायऱ्या. वर येताना अर्धा तास, उन्हात, एका झाडाचीही सावली नसताना. माणशी दोन लिटर पाणी, त्यातलं एक लिटर फक्त परतीच्या चढासाठी.

आणि लवकर पोचण्याचीही एक किंमत आहे. पूर्वेला डोंगर असल्यामुळे बालोसवर ऊन उशिरा उतरतं. फोटोतला तो फिका निळा-हिरवा रंग उन्हाशिवाय नाही. सकाळी पाणी करडं दिसतं, गर्दी नसते. रंग फुलतो तेव्हा बोटी येतात. दोन्ही एकदम मिळत नाही. त्यातल्या त्यात, पायवाट खाली वळते तिथल्या उंचवट्यावर दहाच्या पुढे थोडा वेळ बसायचं आणि पहिली बोट लागायच्या आत पोहून घ्यायचं.

बोट किसामोसच्या बंदरातून सुटते, गावापासून पश्चिमेला तीनेक किलोमीटर, सकाळी साधारण दहा-साडेदहाला. सहसा आधी ग्राम्वूसा बेट, मग बालोस. ग्राम्वूसावर १३७ मीटर उंचीवर व्हेनिसवाल्यांनी सोळाव्या शतकाच्या शेवटी बांधलेला किल्ला आहे. आपल्याला पंधरा-वीस मिनिटांची चढण, बोटीतले अर्धे लोक खालीच बसतात, त्यामुळे वर निवांत. बोटीत वेळ आपल्या हातात राहत नाही, हे खरं. पण ते आठ किलोमीटर दोनदा करायला लागत नाहीत, आणि तिकिटाचे पैसे एका टायरपेक्षा कमी.

एलाफोनिसी. गुलाबी वाळू आहे, पण फोटोत दिसते तशी नाही. रंग शिंपल्यांच्या आणि सूक्ष्म सागरी जीवांच्या कवचांच्या चुऱ्याचा. तो पाण्याच्या कडेला पट्ट्यांत साचतो आणि पावलांखाली वाळूत मिसळून जातो. म्हणून सकाळी नऊच्या आत जा आणि उथळ पाणी ओलांडून पलीकडच्या बेटावर चाला. पाणी गुडघ्यापर्यंत, वारा असेल तर कमरेपर्यंत. पट्टे तिथे जास्त टिकतात. ओल्या वाळूची मूठ सावलीत धरली तर पांढऱ्या दाण्यांत लाल-गुलाबी कण सुटे दिसतात. बघून झालं की मूठ तिथेच सोडायची, वाळू नेणं बेकायदा आहे. हानियाहून अंतर ७५ किलोमीटर, वेळ दीड तासाच्या वर, कारण तोपोल्याच्या घळीत एकेरी बोगदा आहे आणि तिथे सिग्नलला थांबावं लागतं. चार ते सहा या वेळात परतीच्या सगळ्या बसगाड्या त्याच बोगद्याशी येतात. तेव्हा निघणार असाल तर काम्बोस-स्फिनारीच्या समुद्राकडच्या रस्त्याने या. वळणं खूप, पण हलत राहता. गर्दी नकोच असेल तर एलाफोनिसीहून पूर्वेला तासभर चालत केद्रोदासोस: जुनिपरची वाकडी झाडं, वाळू, आणि पाणी-खाणं काहीच नाही.

सेइतान लिमानिया हानियाजवळ, अक्रोतिरी द्वीपकल्पावर आहे. नावाचा अर्थ सैतानाची बंदरं. वरून दिसणारी नागमोडी खाडी अप्रतिम, आणि तेवढंच. शेवटचा उतार तीव्र, हातभर वळणांचा. पहिल्या गिअरमध्ये उतरा, नाहीतर ब्रेक तापल्याचा वास येतो. खालची पायवाट सुट्या खड्यांची, चपला-सँडल घालून उतरणारे बसूनच घसरतात. पुळण खोलीएवढी. दहानंतर टॉवेल टाकायला जागा नसते आणि शेळ्या पिशवी फाडून खातात. आठच्या आत जाणार असाल तर ठीक.

प्रेवेली मात्र करा. रेथिम्नोहून ३५ किलोमीटर, वर पार्किंग, मग पायऱ्या. नदी समुद्राला मिळते आणि काठाने क्रीटचा स्वतःचा खजूर. २०१० च्या वणव्यात हे बन जळालं होतं, बुंधे अजून काळे दिसतात, शेंडे हिरवे आहेत. नदीचं पाणी गोडं म्हणून हलकं, ते समुद्राच्या पाण्यावर तरंगतं. मुखापाशी पोहताना खांदे गारठतात आणि पाय कोमट राहतात. कडेला दगड आहेत, पाण्यात घालायचे बूट लागतात.

फालासार्नाला डांबरी रस्ता, लांब पुळण, सूर्यास्त समोर. सांगण्यासारखी अडचण नाही. उत्तर टोकाला जुनं बंदर बघा: इ.स. ३६५ च्या भूकंपात जमीन सहा मीटरांहून जास्त उचलली गेली, त्यामुळे बंदर आज कोरड्यात आहे. लुत्रोला रस्ताच नाही, होरा स्फाक्योनहून बोट. वाटेत ग्लिका नेरा, जिथे किनाऱ्याचे गोटे उकरले की गोडं पाणी लागतं. दोन्ही दिवस मजेत जातात.

पैशाचं. किनारे सगळे सार्वजनिक, टॉवेल टाकायला कोणी पैसे मागू शकत नाही. २०२४ पासून सनबेड पाण्यापासून चार मीटर मागे हवेत, असा कायदा आहे. पहिल्या ओळीच्या खुर्चीचा दर वेगळा असतो, बसण्याआधी विचारा. मोठी चाट लागते ती माशात. मेनूवरचा आकडा प्लेटचा नसून किलोचा असतो. किलोला ६० युरो आणि मासा ७०० ग्रॅमचा, म्हणजे ४२ युरो, बटाटे वेगळे. मासा निवडून समोर तोलून घ्या आणि आकडा ऐकल्यावरच हो म्हणा. टेबलावर न मागता आलेल्या पावाचेही पैसे लावतात, नको असेल तर लगेच परत करा. छापील पावती दिली नाही तर गिऱ्हाइकाला पैसे द्यायचं बंधन नाही, हे ग्रीसमध्ये दुकानांत-हॉटेलांत पाटीवरच लिहिलेलं असतं. शाकाहारी लोकांनी बुरेकी मागवावी: दुधी भोपळ्याच्या जातीची भाजी, बटाटा आणि मिझिथ्रा चीज. पोट भरतं.

गाडीसाठी आपल्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना निघण्याआधीच काढा, तिकडे मिळत नाही. ऑटोमॅटिक गाड्या कमी असतात, उशीर केला तर डाव्या बाजूच्या स्टिअरिंगसह उजव्या हाताने गिअर टाकत घाट चढावा लागतो.

आपल्या शाळांच्या सुट्ट्या क्रीटशी जुळत नाहीत, हे आधीच माहीत असलेलं बरं. मेच्या सुरुवातीला समुद्र १९-२० अंशांचा. कोकणातल्या कोमट पाण्याची सवय असलेली मुलं घोट्यापर्यंत जाऊन परत येतात. मेअखेर ते जूनचा पहिला पंधरवडा चालून जातो. सगळ्यात छान सप्टेंबर: पाणी २५ च्या आसपास, मेल्तेमी उतरणीला लागलेला. दिवाळीची सुट्टी नोव्हेंबरात येत असेल तर किनाऱ्यांसाठी जाऊच नका. तोवर बालोसच्या बोटी थांबलेल्या असतात, सनबेड गोळा झालेले असतात, आणि तवेर्नावाले (खाणावळवाले) ऑलिव्ह झोडायला शेतावर गेलेले असतात.