साठी, बुद्धी नाठी आणि ताशी तीनशे

मोटरसायकल रेसिंग म्हटलं की डोळ्यासमोर येतात गुडघा घासत कॉर्नर मारणारी विशीतली पोरं, तिशी ओलांडली की रिटायरमेंटच्या गप्पा सुरू. लँड स्पीड रेसिंगमध्ये सगळं उलटंय राव. तिथे पन्नाशीतला माणूस अजून तयार होतोय असं धरतात आणि साठी-सत्तरीतले आजोबा लेदर सूट चढवून लाइनमध्ये उभे असतात.

मुळात इथे वळणच नाही. अमेरिकेत युटामध्ये बॉनव्हिल सॉल्ट फ्लॅट्स म्हणून मिठाचं भलंमोठं सपाट मैदान आहे, तिथे गाडी सरळ पळवायची, मधल्या मोजलेल्या एका मैलाला किती वेळ लागला ते बघतात, मग परत उलट दिशेने तेच, आणि दोन्हीची सरासरी म्हणजे तुमचा रेकॉर्ड. वर्ल्ड रेकॉर्डसाठी एफआयएमचा, म्हणजे मोटरसायकल रेसिंगच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचा, नियम आहे की दोन्ही रन दोन तासांच्या आत झाले पाहिजेत. जाताना वाऱ्याने फुकटात ढकललं असेल तर येताना तोच वारा छाताडावर बसून वसुली करतो. तरुण रिफ्लेक्सचं काम नाही असं नाही, पण त्याहून जास्त लागतं ते एकाच मशिनमागे वर्षानुवर्षं लागायचं खूळ, आणि ते विशीत कुठून येणार?

बर्ट मन्रोचंच बघा ना. न्यूझीलंडमधल्या इनव्हरकार्गिलचा माणूस, १८९९चा जन्म. १९२० मध्ये त्याने इंडियन नावाच्या अमेरिकन कंपनीची स्काउट मोटरसायकल घेतली, ६०० सीसी, कंपनीतून आली तेव्हा जेमतेम ताशी ८८ किमी पळणारी. हा पठ्ठ्या तिच्याच मागे आयुष्यभर लागला. पिस्टन घरीच जुन्या डब्यांमध्ये ओतायचा, कनेक्टिंग रॉड ट्रॅक्टरच्या ॲक्सलच्या पोलादातून हाताने घासून काढलेले, इंजिन वाढवत वाढवत ९५० सीसीपर्यंत नेलं. फुटलेले पिस्टन, मोडलेले रॉड शेल्फवर रचून ठेवलेले आणि तिथे लिहिलेलं की हा वेगाच्या देवाला नैवेद्य! १९६७ मध्ये बॉनव्हिलला, वयाच्या ६८व्या वर्षी, त्याच ४७ वर्षं जुन्या गाडीवर त्याने १००० सीसीच्या आतल्या क्लासचा रेकॉर्ड केला. गंमत म्हणजे सरासरी काढताना तेव्हा आकडेमोडीत घोळ झाला होता, तो लक्षात आला त्याच्या मुलाच्या, आणि २०१४ मध्ये, म्हणजे मन्रो जाऊन ३६ वर्षं झाल्यावर, आकडा वाढवून ताशी १८४.०८७ मैल केला गेला. आपल्या हिशोबात २९६ किमी.

८८ वरून २९६ म्हणजे वेग सव्वातीन पटीहून जरा जास्त, त्यात काय एवढं असं वाटेल, पण हवेचा विरोध मोडायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते, दुप्पट वेगाला आठपट ताकद. बाकी काहीच न बदलता मन्रोला साधारण ३८ पट पॉवर लागली असती, जी त्या इंजिनातून बापजन्मात निघाली नसती. म्हणून मग माशासारखं निमुळतं कवच, त्याच्या आत पोटावर पालथं पडून चालवायचं. निम्मी लढाई इंजिनशी आणि निम्मी हवेशी.

हवेशी लढायचा सगळ्यात येडपट प्रकार मात्र रॉली फ्रीचा. १९४८, वय ४७, खाली व्हिन्सेंट ही ब्रिटिश मोटरसायकल. अंगावरचं लेदर वाऱ्याने फाटायला लागलं आणि ताशी १४७ मैलांवर गाडी अडली. मग गड्याने कपडेच काढले. पोहायची चड्डी, डोक्याला टोपी, पायात उसने आणलेले बूट, गाडीवर आडवा, पाय मागे ताणलेले, आणि १५०.३१३ मैल! तो फोटो बघितला की मला आधी हसू येतं, मग खालच्या मिठाकडे लक्ष जातं. उन्हात कडक झालेलं खरखरीत मीठ, त्यावर उघड्या अंगाने ताशी २४२ किमीच्या स्पीडला पडला असता तर काय सोलून निघालं असतं याचा विचारच नको.

आताचे स्ट्रीमलायनर म्हणजे वेगळंच प्रकरण. रॉकेटसारखी लांबडी नळी, आत रायडर पाठीवर झोपलेला, पाय पुढे, थांबायला पॅराशूट. २०१० मध्ये रॉकी रॉबिन्सनने ॲक अटॅक नावाची अशीच गाडी घेऊन ताशी ६०५ किमीच्या वर रेकॉर्ड केला, आत सुझुकी हायाबुसा बाइकची दोन इंजिनं. भारी आहेच, पण खरं सांगू, मला त्यात रायडरपेक्षा बनवणारी माणसं जास्त आवडतात. डेनिस मॅनिंग घ्या. १९७० मध्ये कॅल रेबर्नने ज्या हार्लेच्या स्ट्रीमलायनरवर ४२७ किमीचा रेकॉर्ड केला ती बनवणारा मॅनिंगच, आणि २००६ मध्ये ख्रिस कारने ज्या बब सेव्हनवर ५६४ काढले तीही त्याचीच. मध्ये ३६ वर्षं गेली!

आणि सॅम व्हीलर. कावासाकीचं एकच इंजिन असलेली सडपातळ गाडी, २००६ मध्ये एका बाजूने ३५५ मैल मारले, म्हणजे ५७१ किमी, पण पुढच्या टायरने दगा दिला, उलटा रन झाला नाही, आणि उलटा रन नाही म्हणजे रेकॉर्ड नाही, विषय संपला. तरी तो थांबला नाही. २०१६ मध्ये बॉनव्हिललाच टेस्टिंग करताना क्रॅश होऊन गेला, वय ७२. राल्फ हडसनही तसाच, २०२० मध्ये तिथेच पडला आणि त्या जखमांतून उठला नाही, वय ६९. घरच्यांनी आधी किती समजावलं असेल देव जाणे.

या मंडळींचा खरा वैताग वेगळाच आहे, मीठ. बॉनव्हिलचा थर वर्षानुवर्षं पातळ होत चाललाय, पाऊस झाला की मैदानाचं तळं होतं आणि कोर्स आखायला धड सलग पट्टाच मिळत नाही. ऑगस्टमधला स्पीड वीक, म्हणजे तिथला दरवर्षीचा रेसिंगचा आठवडा, २०१४ ला रद्द, २०१५ ला रद्द, मग २०२२ ला परत. पंचविशीतल्या पोराला पुढच्या वर्षी ये म्हटलं तर तो येईल, पण सत्तरीतल्या माणसाला लागोपाठ दोन वर्षं गाडी ट्रेलरवरून उतरवायलाच मिळाली नाही तर त्याने काय करायचं? हडसनने सरळ बोलिव्हिया गाठलं होतं, उयुनीच्या मिठावर, आणि २०१८ मध्ये तिथे कवचात न झोपता गाडीवर बसून ताशी ४७९ किमी काढले होते.