फ्रीमाँटचं स्टेशन जाणार म्हणे

आठवड्यातून दोन दिवस मी कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसहून कॅपिटॉल कॉरिडॉर ही रेल्वेगाडी पकडून सांता क्लाराजवळच्या ऑफिसला जाते. जायलाच साधारण अडीच तास. नाशिकला असताना बाबा पंचवटीने रोज ठाणं गाठायचे, त्यामुळे पासवाल्यांची जमात माझ्या ओळखीची. इथेही ती आहेच. ठरलेलं टेबल, कॅफे कारमधली कॉफी, सायकल अडकवली की लगेच लॅपटॉप. आरक्षण नसतं, पण तुम्ही कुणाच्या 'नेहमीच्या' जागेवर बसलात तर नजरेनेच समजतं!

त्यांच्यातच मोठाल्या बॅगा सांभाळत बसलेली मंडळी असतात, सॅन फ्रान्सिस्को बघायला निघालेली. रूळ त्या शहरात जातच नाहीत. ऑफिसवाले रिचमंडला उतरून बार्ट, म्हणजे तिथली मेट्रो, पकडतात. बॅगावाले पुढे एमरीव्हिलला उतरतात आणि जोडबसने खाडी ओलांडतात.

ही सेवा डिसेंबर १९९१ मध्ये सुरू झाली. रूळ मात्र युनियन पॅसिफिक या मालवाहू कंपनीचे, म्हणजे एक गाडी वाढवायची तरी आधी त्यांच्याशी बोलणी. सॅक्रामेंटो ते ओकलंड गाड्या बऱ्या आहेत, पुढे सॅन होजेपर्यंत कमी. पलीकडच्या टोकाला ऑबर्नहून तर सकाळी एक निघते, संध्याकाळी एक परतते. नोकरदाराला तेवढी पुरते, पण दुपारी आजीला भेटायला निघालेल्याने काय करायचं?

वाटेतला मार्टिनेझजवळचा १९३० सालचा पूल हे वेगळंच प्रकरण. खालून मोठं जहाज जायचं असलं की मधला भाग वर उचलला जातो, आणि पहिला मान जहाजाचा. एकदा मीटिंग तोंडावर असताना आम्ही सगळे खिडकीशी उभे राहून ते धूड सरकताना बघत होतो. बॅगावाले फोटो काढत होते, पासवाले ऑफिसला मेसेज पाठवत होते.

आता ओकलंडच्या दक्षिणेला गाडी खाडीलगतच्या सरळ रुळांवरून न्यायची योजना आहे. वेळ वाचेल, पण हेवर्ड आणि फ्रीमाँटचं सेंटरव्हिल ही दोन्ही स्टेशनं सुटतील. त्याऐवजी फ्रीमाँटलाच आर्डनवुडला, हायवेच्या कडेला, नवं स्टेशन होईल. माझ्यासारख्या लांबून येणाऱ्यांना हे हवंच आहे. मी तर मनातल्या मनात ती मिनिटं झोपेत घालवूनही बसले.

माझी मावसबहीण सेंटरव्हिलपासून चालत दहा मिनिटांवर राहते. तिथून चढून ती ओकलंडला कामाला जाते. फोनवर तिला म्हटलं, "अगं, नवं स्टेशनही तुमच्याच गावात आहे की."

"तिथवर गाडी काढूनच जायचं ना? मग तशीच पुढे ओकलंडपर्यंत नेईन. स्टेशनात कशाला वळू?"